खापरखवल्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. सर्पमित्रांच्या ग्रुपवर तर नाहीच — तिथं मला गुरुजी म्हणतात.

मी कुरुळीत राहतो, चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला आहे. शिफ्ट सुटली की साप पकडतो. शेडमागं, कॅन्टीनच्या जाळीत, कुठंही निघतात. लोक बोलावतात, व्हिडिओ काढतात. बरं वाटतं. खोटं कशाला बोलू — फारच बरं वाटतं.

मागं एकदा जवळच्या कंपनीत बागेसाठी घाटाकडची माती आली. ढीग उपसताना साप निघाला. मी पोचलो तेव्हा गर्दी जमली होती. पाहिलं — आणि ओळखलं. खापरखवल्या! वीतभर, काळा, तुकतुकीत. शेपटी तिरकी छाटल्यासारखी, खापराच्या तुकड्यासारखी खरखरीत. ढगांत बुडालेल्या डोंगरातल्या ओल्या मातीत राहतो, गांडुळं खातो. मी फक्त पुस्तकात पाहिला होता. चावत नाही. चावायला तोंड तरी केवढं असतं त्याला?

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "हे तर गांडूळ हाय, राव! याच्यासाठी गुरुजींना बोलावलं व्हय?"

लोक हसले. वर धरलेले मोबाइल खाली यायला लागले.

एवढंच झालं. खरं सांगायला काय लागलं असतं? दोन वाक्यं. पण मी ओरडलो, "मागं व्हा! घाटातला जहरी साप आहे. चावला तर माणूस दवाखान्यापर्यंत पोचत नाही!" आणि करंगळीएवढ्या जाडीच्या त्या जिवाला लोखंडी चिमट्यानं उचलून बरणीत टाकलं. मोबाइल पुन्हा वर आले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला डोंगरात सोडून आलो. सोडताना त्यानं माझ्या बोटाला शेपटीचा वेढा घातला — घाबरला असेल. तिथं मला कुणी बघत नव्हतं, म्हणून मी त्याला नुसत्या हातानं धरलं होतं.

व्हिडिओ मात्र मी माझ्या पेजवर टाकला होता; तो गावोगाव फिरला.

मग एका दुपारी फोन आला. घाटातल्या एका वाडीवरची बाई. माझा नंबर व्हिडिओवरच होता.

"भाऊ, त्यो काळा बारका साप — आमच्या वावरात लई निघतो. आमी आजवर हातानं उचलून बांधावर टाकत व्हतो. माझी सासू पण तसंच करायची. तुमचा व्हिडिओ बघितला आन् अंगावर काटाच आला. काल खणताना दोन निघालं, ठेचून टाकलं. बराबर केलं ना?"

आता तरी सांगायचं ना? समोर गर्दी नव्हती, हसणारं कुणी नव्हतं. एक बाई विचारत होती, आणि खरं काय ते मला माहीत होतं. पण खरं सांगितलं, की ती विचारणार — मग तुम्ही तसं का बोललात?

"बरोबर केलंत, मावशी," मी म्हणालो.

तिला हायसं वाटलं. म्हणाली, "देवानंच वाचवलं म्हणायचं. वाडीत समद्यांना सांगून ठिवते — दिसला की ठेचा."

"सांगा," मी म्हणालो.

तो व्हिडिओ नंतर मी काढून टाकला, पण लोकांकडं आहेच. तिचा नंबरही माझ्याकडं आहे. मी फोन केलेला नाही.