बसायला येणारे नाना

नाना आजाऱ्याला त्याचा आजार कधीच विचारत नसत. अकोटजवळ त्यांचा भाजीचा मळा होता. ओळखीचं कुणी अकोल्याच्या दवाखान्यात भरती झालं की सकाळची भाजी बाजारात देऊन ते एसटी धरत. खाटेजवळ, फरशीवर, सोबत आणलेलं पोतं अंथरून बसत आणि सांगू लागत: मेथी काय भावाने गेली, कुणाच्या बैलाने कुणाचं कुंपण मोडलं, कोणत्या लग्नात वरण खारट झालं.

"त्याचा रोग त्याले ठाऊक हाये," ते म्हणत. "गावाचं त्याले कोण सांगन?"

माझे वडील त्यांचे नुसते गिऱ्हाईक. तरी वडील भरती होते तेव्हा नाना दर दोन दिवसांनी आले. नर्सने हटकलं, "आजोबा, पेशंटला आराम करू द्या."

"आरामच करून राह्यला तो, बाई. हासते, दिसत नाई काय?"

वडील खरोखर हसत होते. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

मी वार्ताहर. अमरावतीबाहेर एक खासगी निवासी आरोग्यकेंद्र निघालं, त्यावर मी रविवारच्या पुरवणीत अर्धं पान लिहिलं. तेलमालिश, बासरीचे सूर, मोबाइल फाटकावर जमा, भेटायला बंदी. मालकाने सांगितलं ते उतरवून घेतलं. तिथे राहणाऱ्या एकालाही विचारलं नाही. मथळा मीच दिला: 'इथे कोणाचाही त्रास नाही'.

नानांना लकवा मारला, तेव्हा पुण्यातल्या त्यांच्या मुलाने ते कात्रण वाचून त्यांना तिथे ठेवलं. मला फोन करून आभार मानले. गावातली माणसं जीप करून गेली आणि फाटकावरून परतली. मला पत्रकार म्हणून दहा मिनिटं मिळाली.

खोली स्वच्छ होती. बासरी चालू होती. नानांचं अर्धं तोंड वाकडं झालं होतं. ते म्हणाले, "मेथी काय भाव हाये?"

मला माहीत नव्हतं.

"काहून? पेपरवाला ना तू?" ते म्हणाले. "गावाचं सांग काई."

मी त्यांच्या तब्येतीचंच विचारत राहिलो, तोवर दहा मिनिटं संपली.

दुसऱ्या आठवड्यात मी अकोटच्या बाजारात उभा राहिलो. भाव विचारले, भांडणं ऐकली, सगळं वहीत लिहिलं आणि अमरावती गाठली. फाटकावर व्यवस्थापकबाई आल्या. "मागच्या वेळी तुम्ही गेल्यावर ते रडले. त्यांना स्वास्थ्य हवंय. आता भेट नाही."

एकांत म्हणजे स्वास्थ्य, असं कुणी मानत असेल तर खुशाल मानावं. नाना तसं मानत नव्हते, आणि फाटकाची किल्ली नानांकडे नव्हती. मुलाला मी फोन केला. तो म्हणाला, "काका, तुम्हीच तर लिहिलं होतं."

त्यानंतर अकरा दिवसांनी नाना गेले. बाईंनी मुलाला कळवलं, शेवटपर्यंत शांत होते.

माझं कात्रण त्या केंद्रात दर्शनी भिंतीवर काचेत लावलेलं आहे. ते काढा, असं मी दोनदा लेखी दिलं. काढलेलं नाही. त्याखाली पाहुण्यांसाठी सोफा आहे. त्यावर कोणी बसलेलं मी पाहिलेलं नाही.