मोठ्याचं नाव

भागरताबाई वाघाला वाघ म्हणत नसे. ती त्याला 'मोठा' म्हणायची. अंगणात कोणाच्या तोंडून तो शब्द निघाला, तर हातातलं सूप खाली ठेवून ती आधी कुंपणाकडे पाहायची आणि मग हळू आवाजात म्हणायची, "नाव काऊन घेतं बे? नाव घेतलं का त्याले वाटते, मले बोलावून राह्यले."

चंद्रपूर जिल्ह्यातल्या तिच्या गावात मी वनरक्षक होतो. एकदा मी तिला चिडवलं, "बाई, मी तर रोज कागदावर त्याचं नाव लिहितो."

"म्हणून त तुही बायको तालुक्यात राह्यते, गार्डभाऊ."

ते खरं होतं. बायको तालुक्याला होती आणि मीही पुष्कळदा तिथेच असायचो. गस्त न घालता दैनंदिनीत 'गस्त केली, वन्यप्राण्याचा वावर नाही' असं आगाऊ लिहून ठेवायचो.

मोहाच्या दिवसांत भागरताबाई पहाटेच टोपली घेऊन फुलं वेचायला निघायची. अशाच एका सकाळी ती परतली नाही. दहाच्या सुमाराला बायकांना ती झाडाखाली पडलेली सापडली. शुद्धीत होती. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, पण उजवा पाय बाहेर वळलेला आणि दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता.

मी तालुक्याहून पोचलो तेव्हा तिला बैलगाडीत घालत होते. "मागून धक्का देल्ला," ती म्हणाली. "कमरेत कटकन वाजलं. मंग तो बसला माह्याजवळ. मी रडली का कान हलवे. मी चूप, त तोही चूप. ऊन आलं, मंग गेला उठून."

गाडी गेल्यावर मी झाडाखाली एकटाच उरलो. मऊ मातीत पंजे स्पष्ट उमटले होते. तिचं डोकं जिथे होतं, तिथून हातभर अंतरावर पाचोळा दबलेला होता, मोठं अंग टेकल्यासारखा. त्या दिवसाची दैनंदिनी माझ्या पिशवीत होती. 'वावर नाही.' मी ते ठसे बुटाने विस्कटले.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, "खुब्यात हाड मोडलंय. गोळा बदलावा लागेल. नागपूरला न्या, आणि लवकर. उशीर झाला तर उठणार नाहीत." तिच्या मुलाची, महादेवची, तेवढी ऐपत नव्हती. मात्र वाघाने जखमी केल्याचं कागदावर आलं, की उपचाराचा खर्च आणि नुकसानभरपाई वनखातं देणार होतं.

मी जबाब घ्यायला बसलो. "वाघानं पाडलं असं लिहितो, बाई."

तिने माझं मनगट धरलं. "मोठ्यानं पाडलं, असं लिही. त्यानं मले सोडलं न भाऊ. आता मी त्याचं नाव घेऊन तक्रार करू?"

मी शब्दाला शब्द लिहिलं. तिचा हट्ट माझ्या सोयीचा होता. पंचनाम्यात तरी मला वाघ लिहिता आला असता. तिथे मी लिहिलं, 'ठसे आढळले नाहीत.'

महिन्याभराने कागद परत आला. 'सदर मोठा या इसमाचे पूर्ण नाव व पत्ता कळवावा. मारहाण असल्यास अर्जदाराने पोलिसांत जावे.' वाचून मी हसलो होतो, हेही सांगितलं पाहिजे.

तोवर महादेवने तिला घरी आणलं होतं. वैदूने बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. ती पडवीत खाटेवर असायची. भर दुपारी गावातली कुत्री एकाएकी चूप व्हायची, तेव्हा ती पुटपुटायची, "बसला हाय. तू नोको पाहू, त्याले लाज वाटते." मी पाहायचो. कुंपणापलीकडे पळसाखाली काही नसायचं. एकदा जाऊन आलो. पाचोळा दबलेला होता. बकरी बसली तरी दबतो.

पुढे तिच्या पाठीला जखमा झाल्या. त्या वासाने मला भाकर खाववेना. मी नवा अहवाल लिहिला: माझी गैरहजेरी, खोटी दैनंदिनी, विस्कटलेले ठसे, सगळं. वाघ हा शब्द त्यात सात वेळा आला. सोबत तिचा नवा जबाबही तसाच लिहिला. त्यावर अंगठा घ्यायला गेलो, तर तिने विचारलं, "त्याचं नाव त नाई ना लिहिलं?"

"नाही, बाई."

तिला वाचता येत नव्हतं. तिने अंगठा दिला.

मी निलंबित झालो आणि तिचा खर्च मंजूर झाला. गाडी आली, तेव्हा तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जातो गा, गार्डभाऊ. चालत येतो."

पाचव्या दिवशी महादेव एकटाच परतला. मी त्याच्या अंगणात जाऊन बसलो.

"ऑपरेशन चांगलं झालं होतं, भाऊ," तो म्हणाला. "बसली होती. चहा पेली. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीकडं पाहत म्हणे, 'हा इथी कसा आला? इथी याचं नाव कोणं घेतलं?' मंग दम लागला. डाक्टर म्हणे, रक्ताची गाठ छातीत गेली."

मग तो म्हणाला, "जाताजाता म्हणे, 'गार्डभाऊले विचार.' काय विचाराचं होतं तिले?"

मी म्हणालो, "मला ठाऊक नाही."