ओल्यावर टिकणारा डिंक

बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून मी आणि माझी मैत्रीण नवीन जालन्यात दोन खोल्या भाड्यानं घेऊन बसलो. आम्ही डिंक बनवतो, यावर शेजारच्या खतविक्रेत्याचा विश्वासच बसेना. "पतंगाचा का?" त्यानं विचारलं.

पतंगाचा नव्हता. समुद्रातला एक शिंपला लाटांचा मार खातही खडकाला घट्ट धरून राहतो. त्याच्या चिकट प्रथिनाचं जनुक आम्ही निरुपद्रवी जिवाणूंत घातलं होतं. जिवाणू वाढले की ते प्रथिन तयार होई, आम्ही ते वेगळं काढायचो. टाके न घालता जखम चिकटवता यावी, एवढंच मनात होतं.

काचेवर आमचा डिंक छान धरायचा, ओल्या कातडीवर मात्र सुटायचा. मैत्रिणीच्या मामूंचं मटणाचं दुकान. तिथून ती बकऱ्याच्या कातडीचे तुकडे आणायची आणि रोज तेच व्हायचं.

त्याच दिवसांत वाटूर फाट्यावर बसमधून उतरताना माय पडली. नडगीची कातडी सोलून निघाली. मंठ्याच्या डॉक्टरांनी टाका घालायला घेतला, तर दोऱ्यानं कातडीच फाटली. "कागदासारखी झालीय, टाका धरणार नाही," म्हणत त्यांनी नुसती पट्टी बांधली. मी घरी पोचले तेव्हा ती पाय उशीवर ठेवून बसली होती.

"तू तिकडं डिंकच करून राह्यली ना? मंग लाव की मला."

"अजून न्हाई, माय. आधी जनावरावर बघावं लागतं."

"मी काय जनावरापेक्षा कमी हाय का?" ती हसली. मला हसता आलं नाही. मी तिची पट्टी बदलायला घेतली.

जालन्याला परतले तर मैत्रीण एका नळीकडे बघत बसलेली. सकाळी जवळजवळ रंगहीन असलेला डिंक तपकिरी झाला होता.

"लावायच्या आधीच म्हातारा होऊन राह्यला गं हा," ती म्हणाली.

कापलेलं वांगं काळं पडतं, तसंच होतं हे. प्रथिनाच्या ज्या भागात चिकटायची ताकद, तोच हवा लागून खराब होत होता. मग ते रोखायला आम्ही त्यात क जीवनसत्त्व घालायला लागलो. कधी कमी पडायचं, कधी इतकं जास्त व्हायचं की डिंक घट्टच होईना. प्रमाण सापडेपर्यंत अख्खा उन्हाळा गेला.

एका दुपारी दोन ओले तुकडे एकमेकांवर दाबून आम्ही पाण्यात ठेवले. थोड्या वेळानं तिनं ओढून पाहिलं. मग मी. मग दोघींनी दोन बाजूंनी. कातडी ताणली गेली, सांधा सुटला नाही.

"या अल्ला! बिलकुल हलत न्हाई!" ती एवढ्यानं ओरडली की खतवाला धावत आला. त्यानंही ओढून पाहिलं आणि आमच्यासाठी चहा सांगितला.

मायची जखम तोवर पट्टीवरच हळूहळू भरून आली होती. तिच्या पायाला आमचा डिंक लागलाच नाही. माणसांपर्यंत पोचायला त्याला अजून काही वर्षं लागतील. पण जनावरांच्या डॉक्टरकीच्या एका कॉलेजनं बकऱ्यांवर चाचणी घ्यायला होकार दिला. पहिल्या नळ्या घेऊन आम्ही मोटारसायकलवर स्टेशनकडे निघालो, बर्फाचा डबा माझ्या मांडीवर. मैत्रीण गाडी इतकी हळू चालवत होती की मागचे ऑटोवाले हॉर्नवर हॉर्न वाजवत होते.

"वाजवू दे," ती म्हणाली. "तू फक्त खड्डा दिसला की जल्दी सांग."