मैत्रिणीच्या दादाचा पाय

कल्पना करा, तुम्ही विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाला आहात. मुलाखतीच्या बंद दाराबाहेर बाकावर बसला आहात, नवे बूट चावताहेत. आत गेल्यावर एवढंच सांगायचंय, की हेच काम तुम्हाला का करावंसं वाटतं. पण खरं खरं. बघा जमतंय का.

पोपटला ते कधीच जमलं नाही. पोपट हे तिचं वसतिगृहातलं नाव, कारण एकदा ऐकलेलं तिला पाठ व्हायचं. यंत्रशाखेला ती आली ती मार्क पडले म्हणून. मार्कांवर कुणी विमान उडवायला पाठवलं असतं, तर तिकडेही मुकाट गेली असती.

तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचं मात्र लहानपणीच ठरलं होतं. तिच्या थोरल्या भावाला कृत्रिम पाय होता आणि त्याचा घोटा कुरकुरायचा. दादा जिना चढू लागला की अख्ख्या इमारतीला कळायचं. घरी पाहुणे आले की तो खुर्चीतून उठायचाच नाही. मग ही धाकटी आईच्या शिलाई मशीनचं तेल त्या घोट्यात सोडायची. तिला असे पायच बनवायचे होते, आणि ते बनवणारी कंपनी विद्यापीठात मुलाखती घ्यायला येणार होती.

दोघी खोलीत सराव करायच्या, तोही अदलाबदलीचा. पोपटने मैत्रीण व्हायचं, मैत्रिणीने पोपट. आपण बोलताना कशा दिसतो ते त्यातून कळतं, असं त्यांचं म्हणणं.

"सर, मार्क पडले, म्हणून आले," मैत्रीण चष्मा नाकावर सारत म्हणायची.

"मी इतकी रडकी बोलते?"

"याहून रडकी. चल, आता तू मी हो. दादापासून सुरू कर."

पोपट सुरू करायची. इतक्या वेळा, की कधीही न पाहिलेल्या दादाचा पाय तिच्या कानात वाजायला लागला.

मुलाखतीला पोपटचा नंबर आधी लागला. मधल्या खुर्चीतल्या, मिशा पिकलेल्या साहेबांनी विचारलं, "हेच काम का?" तिने तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "माझ्या थोरल्या भावाचा पाय..."

तिथेच थांबता आलं असतं. पण साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं, ते मनापासून ऐकत होते. ती शेवटपर्यंत बोलली, तेलासकट.

मग मैत्रीण आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"काय झालं गं?"

"दादाचं सांगायला लागले, तर ते एकमेकांकडे बघायला लागले. म्हणाले, हे आत्ताच ऐकलं, स्वतःचं काही सांगा." ती वाकून बुटांची नाडी सोडत होती. "मला दुसरं काही सुचेचना. दादाला कळवायला हवं, त्याला अजून एक बहीण झालीय."

निवड पोपटची झाली. तिने माफी मागितली. "सोड गं," मैत्रीण म्हणाली. नंतर ती बोलायची, पण किल्ली कुठे ठेवली आणि दिवा कुणी मालवायचा, एवढंच.

शेवटी पोपट साहेबांच्या ऑफिसात गेली. "तो भाऊ माझा नाही, तिचा आहे. तिला बोलवा, सर."

साहेबांनी तिच्यासमोरच फोन लावला. बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं आणि ठेवला. "नाही म्हणतेय. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीला होकार देऊन बसलीय."

"मग माझं काय?"

"अर्जासोबत जोडलेलं घोट्याचं ड्रॉइंग तरी तूच काढलं होतंस ना?"

"हो."

"मग ये कामाला."

आपण नाही म्हणायला हवं होतं, हे तिला खाली रस्त्यावर आल्यावर सुचलं. परत वर मात्र ती गेली नाही.

आता ती चाचणीच्या टेबलावर बसते. यंत्र घोटा पुढे-मागे वाकवत राहतं आणि ती कान जवळ नेऊन ऐकते. जरा कुरकुरला की बाजूला काढते. फारच चोखंदळ आहे बाई, असं सगळे म्हणतात, आणि कौतुक झालं की ती कानकोंडी होते.

मैत्रिणीचा नंबर ती अधूनमधून काढते आणि तसाच ठेवून देते. विचारायचा हक्क आपण गमावलाय हे तिला कळतं. तरी एकदा विचारायचंच आहे: दादाचा पाय अजून वाजतो का गं?