बादलीवाली

पुण्यात भाड्याने राहणाऱ्याच्या मालकीचं जर काही असेल, तर तो फक्त त्याचा कचरा, असं छातीठोकपणे सांगणारी एकच व्यक्ती मला आजवर भेटली. ती म्हणजे माझी रूममेट. "खोली त्यांची, पंखा त्यांचा, खिडकीसुद्धा त्यांची. केळ्याचं सालटं तेवढं आपलं. ते काऊन फेकून द्याचं वं?" असं ती मला पहिल्याच दिवशी विचारती झाली. ती यवतमाळकडची, वकिली शिकायला आलेली, आणि धनकवडीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एक वळकटी, कायद्याची चार जाडजूड पुस्तकं आणि रंगाची एक रिकामी बादली घेऊन दाखल झालेली. बादली तिने येता येताच शेजारच्या इमारतीत काम करणाऱ्या रंगाऱ्याकडून मागून आणली होती. मग गॅसवर स्क्रू ड्रायव्हर लाल होईपर्यंत तापवून, खताला हवा लागावी म्हणून तिने बादलीला भोकं पाडली. जळक्या प्लॅस्टिकच्या धुराने मी खोकत गॅलरीत पळाले, तर ही आतून ओरडते, "खोकलू नको, भोकं मोजून राहिली मी!"

त्या दिवसापासून आमच्या घरात कचरा हा शब्द बंद झाला. ओल्या सालींवर मूठभर वाळका पाला, त्यावर नारळाच्या शेंड्यांचा भुसा, आठवड्यातून एकदा आंबट ताकाचा शिपका. चहाचा चोथा धुऊनच आत जायचा, कारण साखरेला मुंग्या येतात. माझ्या वाढदिवसाला मैत्रिणींनी अंडाभुर्जी केली तेव्हा ही भुर्जीपेक्षा टरफलांकडेच जास्त प्रेमाने बघत होती. पाल्यासाठी ती सकाळी पोतं घेऊन रस्ता झाडत निघायची. एकदा फिरायला निघालेले एक आजोबा थांबून म्हणाले, "अहो, आमच्या फाटकासमोर कधी येणार आपण? की फक्त याच बाजूला?" तो टोमणा होता. तिला तो कळला नाही, किंवा कळूनही उपयोगाचा वाटला. तिने त्यांचंही फाटक झाडलं आणि पाला नेला.

घरमालकीणकाकू खालीच राहायच्या. "खोली राहायला दिली आहे आपल्याला, उकिरडा घालायला नाही," असं त्यांनी बजावल्यावर हिने भाडेकरार काढून त्यांना सगळी कलमं वाचून दाखवली. बादलीबद्दल कुठे अक्षर नव्हतं. काकू म्हणाल्या, "पुढच्या करारात घालू. तुमचं नाव घालून." आणि निघून गेल्या.

दिवाळीत ती दोन आठवडे घरी गेली आणि बादली माझ्या हवाली झाली. मी आळशी. उरलेला वरणभात, आंबलेली भाजी, सगळं आत ढकललं. पाला घालायचा कंटाळा केला. आठवड्याभरात असा वास सुटला की मी खिडकीशी झोपू लागले. मग अळ्या भोकांतून निघाल्या, भिंतीवरून खाली उतरल्या आणि काकूंनी ऊन दाखवायला ठेवलेल्या कुरडयांपर्यंत पोचल्या. ती परतली त्याच संध्याकाळी काकू वर आल्या. "आठ दिवस. एकतर ती बादली जाईल, नाहीतर तुम्ही दोघी."

परीक्षा महिन्यावर होती. एवढ्यात दुसरी खोली कुठे मिळणार? तिने झाकण उचललं, आत पाहिलं, आणि काकूंकडे वळून म्हणाली, "काकू, चूक माझी आहे. मी नीट बघितलं नाही. कुरडयांबद्दल सॉरी." एवढी शुद्ध मराठी मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली.

काकू गेल्यावर मी रडले. ती म्हणाली, "रडू नको वं. तुह्या डोळ्यांसकट सगळं कोरडं पाहिजे आता." रोज संध्याकाळी ती ओढणी नाकाला बांधून बादली उपसायची, पाला मिसळायची, पुन्हा भरायची. मी शेजारी पोतं धरून उभी. आठव्या दिवशी काकू नाकाला पदर लावून आल्या, वाकल्या. थोड्या वेळाने पदर खाली आला. "मातीसारखा येतोय वास," त्या म्हणाल्या, जणू तक्रारच करत होत्या. दुसऱ्या दिवशी आमच्या दाराशी पिशवी होती. आत मेथीची देठं.

परीक्षा संपली आणि ती यवतमाळला गेली, तिथल्या एका वकिलांच्या हाताखाली काम करायला. अर्धवट बादली माझ्याकडे राहिली. या वेळी मी एकही दिवस चुकवला नाही. दीडेक महिन्याने तिला फोन केला.

"काळं दिसतंय सगळं. झालं असेल का गं?"

"हात घालून पाह्य. गरम लागते का?"

मी हात घातला. "नाही. गार आहे."

"मंग झालं," ती म्हणाली. "आता त्यात काही टाकू नको. काकूच्या जास्वंदीले देऊन टाक."

मी बरं म्हटलं. तिच्याकडे मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं. तरी थोडा वेळ तिने फोन ठेवला नाही, आणि मीही बादलीतून हात काढला नाही.