मंगळवारची सेन्सेई

दर मंगळवारी चार वाजता मिसेस कुवाता आणि त्यांची चौदा वर्षांची मुलगी चिहारु दुबईच्या देरा भागातल्या त्या इमारतीत यायच्या आणि चारशे दोनच्या दारात अनुपमाला कमरेतून वाकून नमस्कार करायच्या. "सेन्सेई," म्हणायच्या. जपानीत शिक्षकाला सेन्सेई म्हणतात, हे अनुपमाने मजल्यावरच्या प्रत्येकाला निदान एकदा सांगितलं होतं.

पुण्यात बारा वर्षं तिने शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. मग गुणवंतला हमरिया फ्री झोनमध्ये नोकरी लागली आणि अनुपमा व्हिसावर, भिशीत, गणपतीच्या मंडळात, सगळीकडे गुणवंतची बायको झाली. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीत मिस्टर कुवाता मॅनेजर म्हणून आले. मुलीला इंग्रजी लेखन शिकवायला त्यांना कोणीतरी हवं होतं. त्या मंगळवारपासून अनुपमाने कपाटातल्या कॉटनच्या साड्या पुन्हा इस्त्रीला काढल्या.

चिहारु तिच्यासाठीच घडवल्यासारखी विद्यार्थिनी होती. जपानमधल्या शाळेत मास्तर जपानी वाक्य द्यायचे, मुलं त्याचं इंग्रजी करायची, आणि चुकेल तिथे गुण कापला जायचा. त्यामुळे चिहारु धोका नसलेलीच वाक्यं लिहायला शिकली होती. माझा छंद पोहणे आहे. दुबई स्वच्छ शहर आहे. अनुपमा लाल पेनाने दुरुस्त्या करायची आणि पुढच्या मंगळवारी चिहारु सगळं नव्याने, एकही खाडाखोड न करता उतरवून आणायची. असं वळण, अशी शिस्त पुण्यातसुद्धा पाहिली नाही, असं अनुपमा म्हणायची.

नोव्हेंबरमध्ये पुतण्याच्या लग्नासाठी ती तीन आठवडे नाशिकला गेली. बदली म्हणून तिनेच तिसऱ्या मजल्यावरच्या संजनाचं नाव सुचवलं. संजना तिशीची, जाहिरातींचा मजकूर लिहायची, घरात शॉर्ट्स घालून फिरायची. हिच्याकडून धोका नाही, असं अनुपमाला वाटलं होतं.

अनुपमा परतल्यावर मिसेस कुवाता चॉकलेटचा डबा घेऊन आल्या आणि जरा जास्तच वाकल्या. फेब्रुवारीत चिहारुची जपानच्या हायस्कूलची प्रवेशपरीक्षा होती. परदेशातून परतणाऱ्या मुलांना तिथे इंग्रजीत स्वतःच्या मनातलं लिहावं लागतं. तेव्हा मंगळवार अर्थातच सेन्सेईंचा. पण गुरुवारी संजना, थोडीशी मदत. चालेल ना?

"चालेल," अनुपमा म्हणाली. "ऑफ कोर्स."

रात्री जेवताना गुणवंत म्हणाला, "बरं झालं की. तुझा भार हलका झाला."

"मी भार झालाय म्हणाले होते का?"

"मग चॉकलेटं तू खाणार नसशील तर इकडे दे."

पुढच्या गुरुवारी अनुपमा संजनाने मागे खाऊ पाठवला होता तो डबा परत द्यायला खाली गेली. डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून तिने त्यात शंकरपाळे भरले होते. दाराशी पोचली आणि आतून हसणं ऐकू आलं. खळखळून, नाकातून आवाज निघेपर्यंत कोणीतरी हसत होतं. ती चिहारु आहे हे कळायला तिला वेळ लागला, कारण दोन वर्षांत तिने ते ऐकलंच नव्हतं. बेल न वाजवता, डबा घेऊन ती जिन्याने वर आली.

"डबा?" गुणवंतने विचारलं.

"घरी नव्हती ती."

जानेवारीत मिसेस कुवातांनी संजनाकडची वही अनुपमाला दिली. सेन्सेईंनीही एकदा नजर टाकावी, एवढंच. चौदा पानं होती. कुठेही लाल खूण नव्हती. संजनाने पेन्सिलीने समासात नुसते प्रश्न विचारले होते. 'मग आजी काय म्हणाली?' 'हे खरं आहे?'

अनुपमाने चहा ठेवला आणि वाचायला बसली.

चिहारुने आजीबद्दल लिहिलं होतं. आजी जपानहून दर रविवारी फोन करते आणि विचारते, तिकडे फार गरम होतं का? जानेवारीत इथे छान हवा असते, तरी मी म्हणते, हो, फार गरम होतं. मग आजी म्हणते, अरेरे, पाणी पी. तिला मला पाणी पी म्हणायला आवडतं. म्हणून मी बाराही महिने तिला गरम होतं असंच सांगते.

इंग्रजी मोडकं होतं. क्रियापदं कुठेही पडली होती. अनुपमाने ते दोनदा वाचलं. चहा उतू गेला. या मुलीला आजी आहे हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं, शंभराच्या आसपास मंगळवार, आणि तिच्या वाट्याला दुबई स्वच्छ शहर आहे.

तिने लाल पेन घेतलं. पहिल्या पानापासून चौदाव्यापर्यंत एकही ओळ सोडली नाही. प्रत्येक दुरुस्ती बरोबर होती. कोणीही तपासून पाहावी. फक्त आजीशी खोटं बोलण्याच्या परिच्छेदावर तिने आडवी रेघ मारली आणि लिहिलं, 'विषयाला सोडून. असं लिहिल्यास गुण जातील.'

पुढच्या मंगळवारी चिहारुने सगळं नव्याने उतरवून आणलं. एकही खाडाखोड नाही. 'माझी आजी जपानमध्ये राहते. ती दर रविवारी फोन करते. ती दयाळू आहे.' जुनी चौदा पानं वहीत नव्हती; पट्टी लावून नीट कापून काढली होती.

"थँक यू, सेन्सेई," ती म्हणाली आणि वाकली.

अनुपमाने 'व्हेरी गुड' लिहिलं. ते लिहिताना हात थांबला, पण लिहिलं.

शुक्रवारी संजना वर आली. भांडायला आली असेल म्हणून अनुपमाने तोंड घट्ट करून दार उघडलं.

"अनुपमाताई, मला हेल्प हवीय," संजना सोफ्याच्या कडेवर बसत म्हणाली. "काल चिहारु तासभर खोडरबर हातात धरून बसली. तीन वाक्यं लिहिली. म्हणे, गुण जातील. एक्झामला महिना राहिलाय आणि तिथे अशी तीन वाक्यं चालणार नाहीत हो."

संजना जरा पुढे सरकली.

"वही मी बघितली. ते राहू दे. मी तिला सांगून थकले. ती म्हणते, अनुपमा-सेन्सेईंनी सांगितलंय. मी तिच्यासाठी नुसती संजना. ताई, ती फक्त तुमचं ऐकते."

महिनाभर अनुपमाला नेमकं हेच ऐकायचं होतं. आता ऐकलं, आणि त्याचं काय करायचं ते कळेना. "शंकरपाळे आहेत, खा," ती म्हणाली.

मंगळवारी तिने टेबलावर लाल पेन ठेवलं नाही.

"ते आजीचं," ती इंग्रजीत म्हणाली, "आधी लिहिलं होतंस तसं लिही. गरम होतं म्हणतेस ते."

चिहारुने तिच्याकडे पाहिलं. "पण सेन्सेई, ते विषयाला सोडून आहे."

"नाही."

"मग कोणाचं बरोबर? मंगळवारचं की गुरुवारचं?"

आतल्या खोलीत मिसेस कुवाता फोनवर हळू आवाजात बोलत होत्या. अनुपमाने पदर सारखा केला.

"गुरुवारचं," ती म्हणाली. "तिथे मी चुकले."

 चिहारुने खोडरबर कंपासपेटीत टाकलं आणि लिहू लागली. वीस मिनिटं थांबली नाही. मध्येच एकदा स्वतःशी हसली, बारीक, नाकातून. अनुपमा समोर हात बांधून बसून राहिली. उलट्या बाजूने तिला 'आजी' एवढाच शब्द लागत होता.

पाच वाजता चिहारुने पेन खाली ठेवलं. अनुपमाने वहीसाठी हात पुढे केला.

"सॉरी, सेन्सेई," चिहारु वही दप्तरात घालत म्हणाली. "हे गुरुवारी दाखवायचं आहे."

आणि नेहमीसारखी कमरेतून वाकली.