बाजाराच्या दुसऱ्या दिवशी

फोन वाजला तेव्हा मी बूट घालत होतो. सकाळचे सहा वाजायला दहा मिनिटं होती, पिशवी दाराशी तयार होती, आणि सहा वाजता शिनू गाडी घेऊन नेहरू नगरला माझ्याकडे येणार होता, म्हणजे त्याच्या रिवाजाप्रमाणे साडेसातला. "आता काय निमित्त?" असं म्हणतच मी फोन उचलला. पलीकडे कुमुदवहिनी होत्या. "भाऊजी, हे उठतच नाहीयेत..." एवढंच त्या बोलू शकल्या. मी आनंद नगरला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा शिनू, म्हणजे श्रीनिवास खेर, कुशीवर निजलेला होता आणि खुर्चीवर त्याची बोटीवरची टोपी होती. झोपेतच गेले, काही कळलंही नसेल, असं डॉक्टर म्हणाले. या गोष्टीला आता दीड महिना झाला. फोनवरचं माझं ते पहिलं वाक्य मला अजून टोचतं.

आमची ओळख भोपाळच्या पिपलानीतली. तो कारखान्यात इंजिनियर, मी तिथल्याच शाळेत गणिताचा मास्तर. त्याचं घर मूळ ग्वाल्हेरचं, आमचं नागपूरचं, त्यामुळे एकमेकांच्या मराठीला नावं ठेवण्यात आमची निम्मी मैत्री झाली. शाळेची घंटा माझ्या घड्याळावर वाजायची आणि शिनूच्या मनगटावर घड्याळच नसायचं. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात. यानं अंगणात बोट बांधायला घेतली. दोन हिवाळे प्लायवूड, राळ आणि भुसा यांत गेले. शीड शिवलं मंडपाच्या कनाती शिवणाऱ्या शिंप्यानं, आणि तो शेवटपर्यंत विचारत होता की शादी कब है. बोटीचं नाव 'सवड'. मोठ्या तलावावर तिला पोहायला शिकवून झालं, आणि मग ती टेम्पोत घालून आम्ही हंडियाच्या खाली नेली, नर्मदेवरच्या धरणाचं पाणी जिथं समुद्रासारखं पसरलंय तिथं. तिथला मासेमार पूरन ती सांभाळायचा.

शिनूचा बेत साधा होता. काठावरच्या गावांचे आठवडी बाजार शिडाच्या बोटीनं बघायचे. त्यानं एका पुठ्ठ्यावर यादी केली, सोमवारी हे गाव, बुधवारी ते, शुक्रवारी पलीकडचं. मी ती तपासली, अंतरं मोजली, सगळं बरोबर होतं. फक्त वारा कुणी धरलाच नव्हता. पहिल्याच फेरीत दुपारी वारा पडला आणि आम्ही पाण्याच्या मधोमध शेंगा खात बसलो. पीपलघाटला पोचलो तो गुरुवार उजाडून दहा वाजून गेले होते. मैदानात उसाची चिपाडं, विझलेल्या चुली आणि दोन कुत्री. एका ओसरीत म्हातारी बाई वांगी निवडत बसली होती. तिनं आमच्याकडं, आमच्या भल्यामोठ्या पिशव्यांकडं पाहिलं आणि म्हणाली, "बाजार तो कल था, साब."

मी वैतागलो. "काय करून राहिला बे तू? एक लहानसं इंजिन लाव," म्हटलं. शिनू तोवर तिच्या ओसरीत टेकलासुद्धा होता. गेंदाबाई तिचं नाव. उरलेली वांगी तिनं चुलीत भाजली, बाट्या केल्या, आणि जेवताना सांगितलं की जुना पीपलघाट, जुना बाजार, चिंचेखालची तिची जागा, सगळं धरणाच्या पाण्यात आहे. "आप हमारे बाजार के ऊपर से ही तो आए हो." शिनूचा घास हातातच राहिला. त्या दिवसापासून त्या जागी आलो की तो शीड उतरवायचा. बोट आपली आपण वाहत जायची, तो टोपी मांडीवर घेऊन बसायचा आणि मी घड्याळ बघायचो. चांगला वारा असतानाही आम्ही उशिरा पोचायचो ते यामुळे. नऊ वर्षांत पीपलघाटचा बुधवार आम्हाला एकदाही मिळाला नाही.

हळूहळू मलाही त्या उठलेल्या बाजाराची गोडी लागली, हे आता कबूल करतो. जलेबीवाला कढई घासत असायचा आणि खाली राहिलेली खारी शेव मुठीनं द्यायचा. न विकलेले माठ घेऊन कुंभार कडुनिंबाखाली पडलेला असायचा. शिंपी आदल्या दिवशीची मापं आठवून आठवून झबली शिवायचा. "बाजाराच्या दिवशी हे लोक विकतात यार," शिनू म्हणायचा, "आपल्याशी बोलायला कुणाला फुरसत?" भोपाळला परतल्यावर तो हे सगळं कुमुदवहिनींना सांगायचा आणि त्या मला विचारायच्या, "भाऊजी, खरं का हो?" गेंदाबाई तर पुढंपुढं बुधवारी दुकान मांडण्याआधीच चांगली वांगी आमच्यासाठी बाजूला काढायला लागली. तिसऱ्या वर्षी आमचं पहिलं शीड फाटलं. शिनूनं नवं शिवून घेतलं आणि जुनं, फाटका भाग कापून, गेंदाबाईला दिलं, दुकानावर सावलीला. आम्ही जायचो तेव्हा ते घडी करून तिच्या खाटेखाली ठेवलेलं असायचं. "एकदा लावलेलं बघायला पाहिजे," असं तो दर वेळी म्हणायचा.

तेराव्यानंतर माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. तिकडं कुणालाच काही माहीत नव्हतं. पूरनला मी फोनवर कळवलं, पण गेंदाबाईकडे फोन नाही, आणि परक्याच्या तोंडून तिला कळावं हे मला पटेना. ती दर बुधवारी वांगी बाजूला ठेवत असणार. कुमुदवहिनी म्हणाल्या, "तुम्हीच जा. आणि नीट सांगा हं, एकदम नका सांगू." बोट एकट्यानं न्यायची माझी टाप नव्हती. मी बसनं गेलो, तेही बरोबर बुधवारी. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो, पहिल्यांदा तब्येतीचं बोलायचं, मग वयाचं...

पीपलघाटचा भरलेला बाजार मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मिरच्यांचे ढीग, बांगड्यांच्या काठ्या, ट्रॅक्टर, भोंगे, शेळ्या. चालायला जागा नव्हती. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, चार बांबूंना ताणलेलं, वाऱ्यानं पोट फुगलेलं आमचं शीड. कोपऱ्यात शिनूनं स्वतः घातलेले वाकडे टाके होते. मी गर्दीत उभा राहिलो आणि मला रडू आलं. हे त्यानं बघायला हवं होतं. एक दिवस, फक्त एकदा, मी म्हणतो म्हणून वेळेवर निघाला असता तर.

गेंदाबाईनं मान वर केली. तिचा तराजूवरचा हात थांबला. माझ्या मागं कुणी आहे का हे तिनं बघितलं.

"आप बुधवार को आए," ती म्हणाली. मग तराजू खाली ठेवून, "साब नहीं रहे?"

जुळवून आणलेलं एकही वाक्य मला लागलं नाही. तिनं गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं आणि मला त्या सावलीत, पोत्यावर बसवलं. दुकान तिनं बंद केलं नाही, वांगी मोजत राहिली, मधूनमधून पदरानं डोळे पुसत राहिली. मागच्या टोपलीत फडक्याखाली सात-आठ वांगी वेगळी होती, ती निघताना माझ्या पिशवीत घातली. "मेमसाब को देना. और अगली बार बाजार के दिन मत आना, मास्टर साब. आज ठीक से बात भी नहीं हुई."

त्या वांग्यांचं भरीत कुमुदवहिनींनी केलं, आणि मी गेंदाबाईचं बोलणं सांगितल्यावर त्या दीड महिन्यात पहिल्यांदा मोकळेपणानं हसल्या. मग त्यांनी मला शिनूच्या खोलीत नेलं. खिडकीशी त्या सकाळसाठी बांधलेली वळकटी तशीच आहे. भिंतीवर तो पुठ्ठा आहे, मी तपासून दिलेला. मी तो नऊ वर्षांत पुन्हा वाचला नव्हता. शिनूनं प्रत्येक गावापुढचा वार एका रेघेनं खोडून शेजारी दुसऱ्या दिवसाचा वार लिहिलाय, आणि शाई इतकी जुनी आहे की हे त्यानं पहिल्या फेरीनंतर लगेचच केलं असावं.

पूरनशी माझं बोलणं झालंय. सुकाणू तो धरील, शीड मी सांभाळीन. जुन्या बाजारावर आलो की ते उतरवायचं, हे त्याला सांगून ठेवलंय. पुढच्या महिन्यात आम्ही पीपलघाटला गुरुवारी पोचू.